माळवदाचा कठडा

(तरुण संघ, शब्बाथ शाळेचे वरचे वर्ग व शिक्षक यांच्यासाठी अभ्यासपाठ)

शास्त्रवाचन : अनुवाद २२:८, निर्गम २१:२८-२९, नीतिसूत्रे २३:२९-३५, हबक्कूक २:१५, करिंथकरांस पहिले पत्र ९:२४-२७, रोमकरांस पत्र १४:१३-२१.

पाठाचा उद्देश : आपली मुले ज्या क्रीडामंडळांत खेळतात तेथे दारूपासून होणारे नुकसान कसे टाळता येईल, आणि त्यात मंडळीची व मंडळाच्या चालकांची जबाबदारी कोणती, हे समजून घेणे.

प्रस्तावना

दारूविषयी पाठ लिहावयाचा म्हटले की बहुतेक वाचक पान उलटतात, हे आम्हांस ठाऊक आहे. 'आम्ही पीत नाही, मग हा पाठ आमच्यासाठी नव्हे,' असे पिणारा न पिणारा दोघेही मनात म्हणतात. म्हणून प्रथम आमचाच दोष सांगून आरंभ करतो.

काही वर्षांपूर्वी हुबळीतील एका क्रिकेट मंडळाच्या टेनिस-बॉल सामन्यांच्या बक्षीस समारंभास आम्हांस बोलावणे आले. मंडळातील निम्मी मुले आमच्या तरुण संघातली, म्हणून आम्ही आनंदाने गेलो. हार घालून घेतला, शिस्तीचे महत्त्व या विषयावर दहा मिनिटे बोललो. आमच्या पाठीमागे जे कापडी फलक होते त्यावर सर्वांत मोठ्या अक्षरांत एका बारचे नाव होते. चषक त्यांनी दिला होता, रोख बक्षीसही त्यांचेच. आम्ही ते वाचले आणि खुर्चीवर बसलो. समारंभ संपला, आम्ही चिगरी बसने धारवाडला घरी आलो, जेवलो, झोपलो.

जिंकलेल्या संघाने ते पैसे त्याच रात्री त्याच बारमध्ये खर्च केले. अकरा वाजून गेल्यावर दोघेजण मोटारसायकलवरून परत निघाले आणि रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या ट्रकवर आदळले. चालविणारा प्यायलेला होता. मागे बसलेला मुलगा थेंबभरही प्यायला नव्हता; घरी जाण्यास दुसरे वाहन नव्हते म्हणून तो मागे बसला. तो आमच्या शब्बाथ शाळेचा विद्यार्थी. देवाच्या दयेने दोघेही वाचले, परंतु त्या मुलाचा पाय कायमचा अधू झाला. तो उत्तम यष्टिरक्षक होता. आता काठीवाचून त्यास जिना उतरवत नाही.

रुग्णालयाच्या ओसरीवर त्याच्या आईने आम्हांस एकच प्रश्न विचारला. "अण्णा, तुम्ही तर तिथंच होता ना?" आम्हांस उत्तर देता आले नाही. हा पाठ म्हणजे त्या उत्तराचा प्रयत्न आहे.

१. खेळ ही चांगली देणगी आहे

या प्रसंगानंतर काही वडिलांनी सुचविले की, मुलांना मंडळांत खेळूच देऊ नये. आमच्या मते हा उपाय चुकीचा आहे. खेळाने शरीर बळकट होते, हार सोसण्याची सवय लागते, आणि घरी मराठी व मैदानावर कानडी बोलणारा आपला मुलगा सर्व जातिधर्मांच्या मुलांबरोबर एका संघात उभा राहतो. दुसरीकडे अशी संधी सहजासहजी मिळत नाही.

आपण हेही विसरू नये की आजचे काही मोठे खेळ ख्रिस्ती तरुणांच्या कार्यातूनच जगास मिळाले. बास्केटबॉल १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे वाय.एम.सी.ए.च्या शाळेत जेम्स नेस्मिथ यांनी सुरू केला. आपल्या खेडोपाडी दोन खांब व एक जाळे लावून खेळला जाणारा व्हॉलीबॉल १८९५ साली होल्योक येथील वाय.एम.सी.ए.मध्ये विल्यम मॉर्गन यांनी तयार केला. भारतात शारीरिक शिक्षणाचे पहिले महाविद्यालय मद्रास येथे वाय.एम.सी.ए.नेच १९२० साली हॅरी क्रो बक यांच्या हाताखाली काढले. तरुणांना संध्याकाळी जाण्यास चांगली जागा असावी, हा त्यामागील हेतू होता. ज्या खेळाने तरुणांना गुत्त्यापासून दूर ठेवावे, तोच खेळ संपल्यावर त्यांना गुत्त्यात पोचवू लागला, तर कोठे तरी वाट चुकली आहे.

पौलाने करिंथच्या मंडळीस लिहिताना धावपटूचा दाखला घेतला, तोही उगाच नव्हे. करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन सामने भरत असत आणि तेथील प्रत्येक माणसाने ते पाहिलेले होते. जिंकणाऱ्यास मिळे तो पानांचा मुकुट. तो लवकरच सुकून जाई. परंतु त्यासाठी खेळाडू महिनोन्‌महिने खाणेपिणे, झोप व इच्छा यांवर ताबा ठेवीत. ऑलिंपिया येथील स्पर्धकांस तर दहा महिने नियमाने सराव केल्याची शपथ घ्यावी लागे. पौलाचा मुद्दा असा की, संयम हा खेळाडूच्या जीवनाचा भाग आहे. सामन्यापूर्वी पाळावयाचा आणि सामना संपताच टाकून द्यावयाचा, असा तो नाही.

२. मैदानावर दारू कोणकोणत्या दारांनी येते?

पाश्चात्य देशांतील क्रीडामंडळांस स्वतःचे मद्यगृह असते. आपल्याकडे गल्लीतील मंडळाजवळ एक कपाट, दोन बॅटी आणि एक जाळे एवढीच मालमत्ता. तरीही दारू येते. आम्ही खेळाडूंशी बोललो तेव्हा पाच दारे दिसली.

पहिले दार रोख बक्षिसाचे. दहा-पंधरा मुलांच्या हाती रात्री नऊ वाजता एकदम रोकड पडते. बँक बंद, घर दूर, मन आनंदाने फुललेले. ते पैसे कोठे जातील हे सांगण्यास संदेष्टा लागत नाही.

दुसरे दार देणगीदाराचे. चषक, टोप्या, बनियन कोणी तरी द्यावे लागतात. बारमालक देतो, निवडणूक जवळ आली की उमेदवाराची माणसे देतात, आणि त्याबरोबर 'रात्रीची व्यवस्था'ही देतात. मोठ्या खेळातही हेच आहे. दूरचित्रवाणीवर दारूच्या थेट जाहिरातीस मनाई आहे, म्हणून तीच नावे सोड्याच्या किंवा पाण्याच्या बाटलीवर दिसतात. २००८ साली आय.पी.एल. सुरू झाली तेव्हा बंगळूरच्या संघास एका व्हिस्कीच्या छापावरून नाव मिळाले. आपल्या शब्बाथ शाळेतील लहान मुले ते नाव छातीवर मिरवितात; त्यांना ते कोठून आले हे ठाऊक नसते. मुलांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. नाव कानावर किती लहानपणी पडते, एवढेच दाखवावयाचे आहे. फ्रान्स देशाने १९९१ साली कायदा करून खेळांस दारूच्या कंपन्यांचे आश्रयदातृत्व घेण्यास बंदी केली. म्हणजे ही गोष्ट अशक्य कोटीतील नव्हे.

तिसरे दार परगावच्या दौऱ्याचे. आपल्यापासून गोवा काही तासांच्या वाटेवर आहे. 'सामना' म्हणून निघालेली गाडी पुष्कळदा सामन्यासाठी कमी आणि स्वस्त दारूसाठी अधिक निघते. नवा मुलगा प्रथम अशाच दौऱ्यात पेला हाती घेतो, कारण घरचे कोणी पाहत नसते आणि 'नको' म्हणणारा तो एकटाच असतो.

चौथे दार मानाचे. नवा खेळाडू आला, कोणाचे शतक झाले, कोणास नोकरी लागली, की 'पार्टी' मागितली जाते. न देणारा चिक्कू ठरतो, न पिणारा 'पोर' ठरतो. या शब्दांची भीती सोळा-सतरा वर्षांच्या मुलास बापाच्या माराहूनही मोठी वाटते.

पाचवे दार वडीलधाऱ्यांचे. मैदानाच्या भिंतीआड मोठे खेळाडू बसतात, चेंडू आणावयास आलेले लहान खेळाडू पाहतात. प्रशिक्षक स्वतः पीत असेल तर त्याचा उपदेश कोणी ऐकत नाही.

३. शरीरात काय घडते?

शिक्षकांनी हा भाग फळ्यावर आकडे मांडून शिकवावा. तरुणांना उपदेशापेक्षा हिशेब लवकर पटतो.

सुमारे १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क म्हणजे एक माप धरू. व्हिस्की, रम किंवा ब्रँडीच्या ३० मिलिलिटरांत एक माप असते. ९० मिलिलिटरच्या कागदी पाकिटात तीन मापे. १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये सहा. आणि 'बिअर म्हणजे काय, पाणीच' असे जे म्हणतात त्यांनी पाहावे : ६५० मिलिलिटरच्या ८ टक्क्यांच्या कडक बिअरच्या एका बाटलीत चार मापे असतात.

आपले यकृत ताशी साधारण एक मापच, पुष्कळदा त्याहूनही कमी, पचविते. लिंबू, काळा चहा, थंड पाण्याची आंघोळ यांपैकी कशानेही हा वेग वाढत नाही. म्हणजे रात्री दहा वाजता ज्याने क्वार्टर संपविली, त्याच्या रक्तातील मद्य जाण्यास सहा ते आठ तास लागतात. तो पहाटे 'उतरली' म्हणून गाडीवर बसतो तेव्हाही ती पुरती उतरलेली नसते. मोटार वाहन कायद्याप्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क घेऊन वाहन चालविणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

खेळाडूचे नुकसान आणखी वेगळे. उन्हात खेळून घामाने कोरडे पडलेले शरीर दारूने आणखी पाणी गमावते. मुक्या माराची सूज वाढू शकते, झोप तुटक होते. व्यायामानंतर स्नायूंची जी दुरुस्ती होते तीही मंदावते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, प्रथिनयुक्त आहार देऊनही, भरपूर दारू घेतलेल्या खेळाडूंच्या स्नायूंत हे काम सुमारे २४ टक्क्यांनी घटलेले आढळले. आठवडाभर केलेला सराव शनिवारी रात्री वाया जातो तो असा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितले की, आरोग्यास सर्वस्वी निर्धोक असे दारूचे कोणतेही प्रमाण नाही. आपल्या देशाच्या सरकारसाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १० ते ७५ वर्षे वयाच्या लोकांपैकी १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी, दारू घेतात असे दिसले, त्यांपैकी ५.७ कोटींहून अधिक लोकांचे पिणे अपाय होण्याइतके किंवा व्यसनाच्या थरास गेलेले होते.

खेळातील कौशल्य यापासून वाचवीत नाही. मँचेस्टर युनायटेडचा जॉर्ज बेस्ट हा आपल्या काळातील अत्यंत कुशल फुटबॉलपटू. दारूने त्याची कारकीर्द अकाली मोडली. २००२ साली त्याचे यकृत बदलण्यात आले, तरी पिणे सुटले नाही, आणि २००५ साली वयाच्या ५९ व्या वर्षी तो मरण पावला.

४. शास्त्र काय शिकविते?

येथे वर्गात दोन प्रश्न हमखास निघतात. प्रभूने काना येथील लग्नात पाण्याचा द्राक्षारस केला, ते कसे? आणि पौलाने तीमथ्यास पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितले, ते कसे? शिक्षकांनी हे प्रश्न दडपू नयेत. पवित्र शास्त्र द्राक्षारसास स्वतःहून पाप म्हणत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करावे. परंतु तीमथ्यास दिलेला सल्ला आजारी माणसास दिलेला आहे, आणि तोही थोड्याचा. त्या काळी आजच्यासारखी गाळलेली कडक दारू नव्हती, आणि घरी जाताना कोणी मोटारसायकल चालवीत नव्हते. नीतिसूत्रांच्या तेविसाव्या अध्यायात दारुड्याचे जे चित्र आहे ते वर्गात सावकाश वाचावे : कारणावाचून झालेल्या जखमा, लाल डोळे, डोलकाठीवर निजल्यासारखी अवस्था, आणि शुद्धीवर येताच पुन्हा तीच ओढ. हजारो वर्षांपूर्वी लिहिलेले हे वर्णन आजच्या कोणत्याही बारच्या दारात पडताळून पाहावे.

मात्र या पाठाचा मुख्य आधार अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायातील आठवे वचन आहे. नवे घर बांधशील तर माळवदास कठडा कर, नाही तर कोणी पडून मेला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, असा त्याचा आशय आहे. धारवाडकडील जुन्या माळवदाच्या घरांत वाढलेल्यांस हे समजावून सांगावे लागणार नाही. माळवदावर धान्य वाळते, उन्हाळ्यात माणसे निजतात, मुले पतंग उडवितात. नियमशास्त्र असे म्हणत नाही की माळवदावर कोणी जाऊ नये. पडणाऱ्याने जपावे एवढेच सांगूनही ते थांबत नाही. घर ज्याचे, कठडा त्याने बांधावा, असे ते सांगते.

त्याच्याच जोडीस निर्गमातील मारक्या बैलाचा नियम पाहावा. बैलाने प्रथमच कोणास मारले तर धनी निर्दोष. पण तो मारका आहे हे धन्यास सांगितलेले असून त्याने बांधून ठेवला नाही, तर धनीही दोषी. आमच्या त्या रात्रीच्या फलकाविषयी आम्ही हेच म्हणतो. बैल मारका आहे हे आम्हांस ठाऊक होते.

हबक्कूक शेजाऱ्यास पाजणाऱ्यास धिक्कार देतो. पिणाऱ्यावर आपण पुष्कळ प्रवचने ऐकली. पाजणाऱ्यावर, पाजण्याची सोय करणाऱ्यावर, आणि ते पाहून गप्प बसणाऱ्यावर फार थोडी. पौल रोमकरांस लिहितो त्याचे सार असे की, माझ्या मोकळेपणामुळे माझा भाऊ अडखळत असेल तर तो मोकळेपणा मी सोडावा. संघाच्या कप्तानास लागू पडणारे याहून चांगले वचन आम्हांस माहीत नाही.

५. परदेशातील एक अनुभव

ऑस्ट्रेलियात गावोगावच्या क्रीडामंडळांत बिअर हा जणू खेळाचाच भाग होता. तेथे २००० साली 'गुड स्पोर्ट्स' नावाची योजना सुरू झाली. त्यांनी मंडळे बंद केली नाहीत, की खेळाडूंकडून शपथा घेतल्या नाहीत. मंडळानेच पायरीपायरीने काही नियम लावून घ्यावयाचे : अल्पवयीनास दारू नाही; झिंगलेल्यास आणखी नाही; बक्षीस म्हणून दारू नाही; 'एकावर एक फुकट' अशा युक्त्या नाहीत; पाणी व जेवण नेहमी हजर; घरी सुरक्षित पोचविण्याची सोय; आणि हे सर्व लेखी.

याचा परिणाम तपासण्यात आला. न्यू साउथ वेल्स प्रांतातील ८८ फुटबॉल मंडळे घेऊन चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन भागांत वाटणी केली. एका भागास हे नियम लावण्यास मदत दिली, दुसऱ्यास नाही. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या मंडळांस मदत मिळाली तेथे मंडळात बसून धोक्याच्या प्रमाणात पिणारे १९ टक्के उरले, तर दुसऱ्या भागात २४ टक्के. दारूपासून अपाय होण्याचा धोका असलेले सभासद एकीकडे ३८ टक्के, दुसरीकडे ४५ टक्के.

हा फरक चमत्कारासारखा नाही. परंतु शंभर सभासदांपैकी पाच-सात जण म्हणजे पाच-सात घरे. कठड्याने प्रत्येक जण वाचत नाही. पण पुष्कळ वाचतात, आणि वाचलेल्यास आपण वाचलो हे कळतही नाही.

६. आपल्याकडे कठडा कसा बांधावा?

आपल्याकडे कायद्याचे काही काम झालेले आहे. धारवाड जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा आपल्या आजोबांनी अनुभवलेला आहे. १ जुलै २००७ पासून कर्नाटकात सारायी बंद झाली. अबकारी परवान्यांच्या नियमांप्रमाणे २१ वर्षांखालील व्यक्तीस दारू विकता येत नाही; ही मर्यादा १८ वर आणण्याचा मसुदा २०२३ च्या जानेवारीत निघाला होता, तो लोकांनी हरकत घेतल्यावर सरकारने मागे घेतला. परंतु एवढ्याने भागत नाही, हे आपण डोळ्यांनी पाहतो. सारायी गेली आणि कागदी पाकीट आले. मैदानावरचा कठडा मंडळाने स्वतःच बांधावा लागतो.

त्या अपघातानंतर आम्ही त्याच मंडळाच्या चालकांकडे गेलो. त्यांपैकी ख्रिस्ती थोडेच. आम्ही धर्माची भाषा बाजूस ठेवली, त्या मुलाचे नाव घेतले आणि आपलीही चूक कबूल केली. तीन बैठकांनंतर पुढील गोष्टी ठरल्या व वहीत लिहिल्या गेल्या :

(१) बक्षिसाची रक्कम रोख न देता मंडळाच्या बँक खात्यावर जमा करावी, किंवा साहित्यरूपाने द्यावी.

(२) अंतिम सामना शनिवारी दुपारी ठेवून समारंभ दिवस मावळण्यापूर्वी संपवावा. यामुळे रविवारची उपासनाही चुकत नाही.

(३) विजयाचा आनंद मैदानावरच, सर्वांसमोर साजरा व्हावा. धारवाडचा पेढा, गिरमिट, मिरची भजी व चहा हे आपल्या गावचे मेजवानीचे पदार्थ आहेत. भरल्या पोटाने घरी गेलेला मुलगा सहसा दुसरीकडे वळत नाही.

(४) खेळ चालू असताना व नंतर पिण्याचे पाणी व ताक भरपूर असावे. तहान हेही एक निमित्त असते.

(५) दारूच्या दुकानाचे वा छापाचे नाव फलकावर, बनियनवर किंवा चषकावर नसावे.

(६) मंडळाचा गणवेश घालून कोणी पिऊ नये. प्रशिक्षकाने व कप्तानाने सामन्याच्या दिवशी मुळीच घेऊ नये.

(७) दौऱ्यावर न पिणारा एक जबाबदार माणूस बरोबर असावा, आणि अठराखालील मुलाच्या आईवडिलांस तो कोण हे आधी सांगावे.

(८) कोणी प्यायलाच, तर किल्ली काढून घ्यावी व त्यास रिक्षाने घरी पोचवावे. खर्च मंडळाने करावा. त्या वेळी उपदेश करू नये. तो दुसऱ्या दिवशी.

आठव्या नियमावर आमच्या मंडळीतील काही वडील नाराज झाले. 'म्हणजे प्यायला परवानगीच दिली की!' असे ते म्हणाले. आम्ही त्यांस एवढेच विचारले की, पौलाच्या बोटीवरील लोकांनी त्याचा सल्ला मोडून बंदर सोडले, मग वादळात पौलाने त्यांना बुडू दिले काय? त्याने त्यांना जेवावयास लावले आणि सर्वांचे जीव वाचावेत म्हणून धडपड केली. आपली शिकवण पूर्ण वर्ज्यतेची असो, आम्ही स्वतः ती पाळतो. पण जो आज ती पाळत नाही तोही आज रात्री जिवंत घरी पोचला पाहिजे. उद्या त्यास शिकविण्यासाठी तो असावयास हवा.

परिणाम काय झाला, तेही खरे तेच सांगतो. बारमालकाने हात काढून घेतला आणि त्या वर्षी चषक लहान आला. दोन चांगले खेळाडू दुसऱ्या मंडळात गेले. काही जण अजूनही इतरत्र जाऊन पितात, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु लहान मुलांच्या आया आता समारंभास येतात, पूर्वी येत नसत. आणि ज्यांना पिणे नकोच होते, पण एकटे पडण्याच्या भीतीने जे पीत होते, अशी मुले आम्ही समजत होतो त्याहून अधिक निघाली.

७. जो आधीच गुंतला आहे त्याच्याविषयी

वर्गात असा कोणी बसलेला असू शकतो, किंवा कोणाचा बाप, भाऊ असू शकतो. म्हणून शिक्षकांनी हसण्यावारी नेऊ नये व नावे घेऊ नयेत.

जो रोज पुष्कळ पितो त्यास 'आजपासून एकदम बंद' असे सांगणे धोक्याचे ठरू शकते. अशा माणसास एकाएकी सोडल्यावर थरकाप, भ्रम व झटके येतात. क्वचित प्राणावर बेतते. त्याने वैद्यकीय देखरेखीखालीच सोडावी. धारवाडला डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ व मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६ हे देशभर चालणारे निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहेत. ते सूचनाफलकावर लावावेत. १९३५ साली अमेरिकेत दोन पिणाऱ्यांनी सुरू केलेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या संघाच्या सभा अनेक गावी चर्चच्या खोल्यांत भरतात. आपली खोली आठवड्यातून एक संध्याकाळ रिकामी असेल, तर पंचांनी याचा विचार करावा.

आणि आशा सोडू नये. शिकागोच्या बेसबॉल संघातील बिली संडे हा खेळाडू १८८० नंतरच्या दशकात एकदा सोबत्यांबरोबर पिऊन रस्त्याच्या कडेस बसला असता, तेथे भजने गाणाऱ्या मिशनच्या मंडळींकडे ओढला गेला. तो पुढे नावाजलेला सुवार्तिक व दारूचा कट्टर विरोधक झाला. ती मंडळी त्या रात्री आपल्या प्रार्थनागृहात बसून राहिली नाहीत. जेथे खेळाडू बसत तेथे गेली. आपल्याकडून तेवढे होते काय?

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गल्लीतील मंडळात वर सांगितलेल्या पाच दारांपैकी कोणते दार सर्वांत मोठे आहे?

२. 'मी पीत नाही, मग माझा काय संबंध?' या म्हणण्यास अनुवाद २२:८ काय उत्तर देते?

३. ६५० मिलिलिटरच्या दोन कडक बिअर रात्री नऊपर्यंत घेतलेला माणूस गाडी केव्हा चालवू शकेल? हिशेब मांडा.

४. मंडळास चषक हवा आहे आणि बारमालकच तयार आहे. तुम्ही चिटणीस आहात. काय कराल? दुसरा देणगीदार कोठे शोधाल?

५. मित्र प्यायलेला आहे, किल्ली देत नाही, 'तू फार पवित्र' म्हणून हसतो. त्या क्षणी काय बोलावे? दोघांनी उभे राहून वर्गापुढे करून दाखवावे.

समारोप

तो मुलगा आता त्याच मंडळात गुणलेखक म्हणून बसतो. सामना संपला की काठी टेकीत उठतो आणि मोटारसायकलवाल्यांच्या किल्ल्या मोजतो. हे काम त्यास कोणी दिले नाही. त्याने आपणच घेतले. मागच्या समारंभात आम्ही पुन्हा बोलावयास उभे राहिलो तेव्हा प्रथम मागे वळून फलक वाचला. वाचकहो, आपणांस कोठे हार घालण्यास बोलावले, तर खुर्चीवर बसण्यापूर्वी एवढे तरी करावे.

प्रार्थनेचे विषय : आपल्या शहरांतील खेळाडूंसाठी, व्यसनात अडकलेल्यांसाठी व त्यांच्या घरच्यांसाठी, मंडळांच्या चालकांस धैर्य मिळावे म्हणून, आणि जेथे आपण पाहून गप्प बसलो तेथे प्रभूने आपणांस क्षमा करून कामास लावावे म्हणून.